आधी ईसीजी, मग सहारा

सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शिक्षिकेचं पत्र आलंय. वय ४४. सात वर्षं धावतात, दोन पूर्ण मॅरेथॉन झाल्यात, वेळ सव्वापाच तासांच्या आसपास. आता त्यांना मोरोक्कोतली 'मॅराथॉन दे साब्ल' करायचीय, म्हणजे सहारा वाळवंटातली सुमारे २५० किलोमीटरची शर्यत. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या एप्रिलात. नवरा "नको" म्हणतो आणि कारण सांगत नाही. सासूबाई "पिशें लागलां गो तुका" म्हणून मोकळ्या झाल्या. मुलगी बारावीला आहे. पैसे भविष्य निर्वाह निधीतून काढायचा विचार आहे. प्रश्न तीन: गोव्याच्या दमट हवेत राहून वाळवंटाची तयारी होते का, नवऱ्याला कसं पटवायचं, आणि पाणी मोजून मिळत असताना पाळी आली तर काय करायचं. पत्राच्या अगदी शेवटी त्यांनी लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ, वय ४१, क्रिकेट खेळताना मैदानावर कोसळला आणि गेला. त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं ते त्यांच्या नवऱ्यानंच.

ताई,

तुमच्या पत्रात वाळवंटाला दोन पानं मिळालीत आणि भावाला दीड ओळ. मी त्या दीड ओळीपासून सुरुवात करते.

एक्केचाळिसाव्या वर्षी, काही तक्रार नसलेला माणूस खेळता खेळता कोसळतो तेव्हा कारण बहुतेकदा हृदयातच असतं, आणि त्यातली काही कारणं घराण्यात चालत येतात. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आजारात हृदयाचा स्नायू जाड होत जातो. तो ज्याला असतो त्याच्या प्रत्येक मुलाकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी असते. हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेच्या यंत्रणेतले काही दोषही असेच वारशानं येतात. काही घरांत रक्तवाहिन्याच लवकर चोंदतात. भावाचं शवविच्छेदन झालं असेल तर तो अहवाल शोधून काढा. नसेल तर नुसती हकिगत घेऊन हृदयरोगतज्ज्ञाकडे जा आणि पहिलंच वाक्य हे बोला: "माझा सख्खा भाऊ ४१व्या वर्षी खेळताना अचानक गेला, आणि मला अडीचशे किलोमीटर धावायचंय." या वाक्यानंतर कुठलाही बरा डॉक्टर नुसता रक्तदाब मोजून तुम्हाला घरी पाठवणार नाही. ईसीजी, इको, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट आणि कोलेस्टेरॉल एवढं तर होईलच. पुढचं काही लागलं तर ते सांगतील.

"सात वर्षं धावतेय, मला कधी काही झालं नाही" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. भाऊही दर रविवारी खेळायचा, असं तुम्हीच लिहिलंय.

धावताना कधी डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीवर दाब आला, ठोके अचानक सैरभैर झाले, तर तेही लपवू नका. आणि भावाला मुलं असतील तर तुमचा रिपोर्ट काहीही येवो, त्या भाचरांचीही तपासणी व्हायला हवी. हे काम आत्याच पुढे होऊन करू शकते. वहिनीला अजून त्याचा विचार करण्याचीसुद्धा ताकद आली नसेल.

या शर्यतीचे आयोजक वैद्यकीय दाखला आणि ईसीजी मागतातच. ओळखीच्या डॉक्टरकडून त्यावर शिक्का मारून घेणारे धावपटू काही कमी नाहीत. २०२१ साली कोरोनामुळे ही शर्यत एप्रिलऐवजी ऑक्टोबरात झाली. उकाडा भयंकर होता, आणि दुसऱ्या टप्प्यात पन्नाशीतल्या एका फ्रेंच स्पर्धकाचं हृदय वाळूच्या टेकड्यांत बंद पडलं. त्याची सगळी कागदपत्रं चोख होती. तेव्हा तपासणी म्हणजे हमी नव्हे, हेही धरून चाला. त्या वर्षी सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकच शेवटपर्यंत पोचले. हृदयाचा निकाल हातात येईपर्यंत नोंदणीचा एक पैसाही भरू नका. भविष्य निर्वाह निधीला तर हातच लावायचा नाही. प्रवेश शुल्कच काही लाखांत जातं, वर विमान आणि सामान, आणि तुमच्या घरात पुढल्या वर्षी कॉलेजची फी उभी राहणार आहे. दीड वर्ष वेगळी साठवण करा, जमलं तर जा.

आता धरून चालू की रिपोर्ट स्वच्छ आले.

तुमच्या सव्वापाच तासांची तुम्हाला लाज वाटतेय असं पत्रावरून दिसतं. कशाला? ही शर्यत पात्रिक बाउअर या फ्रेंच माणसानं १९८६ साली सुरू केली. त्याआधी दोन वर्षं तो सहारातून एकटाच साडेतीनशे किलोमीटर चालून आला होता. सहा टप्पे, त्यातला एक ऐंशी किलोमीटरच्या आसपास. जेवण, झोपायची पिशवी, औषधं, सगळं स्वतःच्या पाठीवर. पाणी आणि तंबू तेवढे आयोजक देतात. सगळ्यात मागून दोन उंट चालतात, ते पुढे गेले की तुमची शर्यत संपली. पहिले काहीजण सोडले तर बाकी जनता अर्ध्याहून जास्त वाट चालतच असते. वेगवान मंडळी तिसऱ्या दिवशी फोडांमुळे घरी जातात आणि साडेपाच तासवाली बाई शेवटच्या दिवशी पदक घेऊन उभी असते, असं या शर्यतींत नेहमी घडतं. वाळवंटात धावणं कमी आणि निगा जास्त: पायांची, पाण्याची, मिठाची, झोपेची. चाळीस वर्गपुस्तिका तपासून, डबा भरून, साडेसातची प्रार्थना गाठणाऱ्या बाईला ही निगा शिकवायला लागत नाही. तुम्ही चुकाल तर ती हट्टापायी चुकाल.

म्हणून सहाराच्या आधी एक हिवाळा देशातल्या वाळवंटाला द्या. कच्छच्या रणात धोलावीराकडे आणि राजस्थानात जैसलमेरहून लोंगेवालाकडे अशा लांब पल्ल्याच्या शर्यती भरत आल्यात. ५० किलोमीटरचाही पर्याय असतो. तो घ्या, शंभरचा मोह नको. डिसेंबरात तिथे दिवसा सुखाचं ऊन असतं, त्यामुळे सहाराची भट्टी काही कळणार नाही. पण उजेड गेल्यावर दोन तासांत हवा किती उतरते, ओल्या अंगानं थांबलं की दात कसे वाजतात, आणि डोक्यावरच्या दिव्याच्या गोल उजेडात एकट्यानं चालताना मन काय काय खेळ करतं, ते कळेल. गोव्यातल्या माणसाला थंडी हा विषयच ठाऊक नसतो. आपण बावीस अंशांना कपाटातून स्वेटर काढतो.

उष्णतेच्या बाबतीत मात्र तुम्ही समजता त्याच्या उलट आहे, गोवा उत्तम शाळा आहे. शरीर उन्हाला सरावायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे सगळं आपल्या दमट उकाड्यात होतं, कदाचित जास्तच जोरात, कारण इथे घाम वाळत नाही. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हनुवटीवरून ठिबकलेला घाम काहीच नेत नाही. म्हणून पणजीत ३३ अंशांना जीव जातो. कमावलेला हा सराव दोन-तीन आठवड्यांत उतरतो, तेव्हा डिसेंबरात ऊन खाऊन एप्रिलात उपयोग नाही. निघण्याआधीचे दोन आठवडे, म्हणजे मार्च अखेर, रोज तासभर दुपारचं चालणं. धावणं नको. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, सोबत कुणीतरी, फोन हातात. एप्रिलात आता आपल्याकडे नवं शालेय वर्ष सुरू होतं, तेव्हा रजेचं मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. मला ते सहारापेक्षा अवघड वाटतं.

फसगत होते ती तिकडे पोचल्यावर. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही. कातडी सुकी, कपड्यांवर नुसते पांढरे पट्टे, आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही. म्हणून इथेच एक मोजमाप करून ठेवा. तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. मध्ये पाणी प्यायलात तर ते जमेला धरा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. एक लिटर घामात माणसागणिक अर्ध्या ग्रॅमपासून पावणेदोन ग्रॅमपर्यंत सोडियम असतं. ज्यांच्या बनियनवर मिठाचा नकाशा उमटतो त्यांनी वरचा आकडा धरावा. ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ असतं, त्यातून जेमतेम एक ग्रॅम सोडियम मिळतं, आणि पुडीतलं सायट्रेट धरून एकूण सुमारे १.७ ग्रॅम. यावरून हिशेब लागतो. उरलेलं मीठ जेवणातून. कैरीचं लोणचं, आमसूल, खारे शेंगदाणे. उन्हाळ्यात शेतावरून आल्यावर उकड्या तांदळाची पेज आणि खाऱ्यातली तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी, खाणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि पाणी भरभरून प्यायचं नाही. हे ऐकून लोक चमकतात. तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, अंगठी बोटात रुतते, बोलणं असंबद्ध होतं, आणि माणूस मरूही शकतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत वजन वाढलं तर ती धोक्याची खूण. तहान लागेल तसं प्या. गुडघा दुखतोय म्हणून फार्मसीतून आणलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी मध्येच घेऊ नका. उन्हात, पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर ती भारी पडते. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायू तुटून रक्तात उतरतायत. तिथे शर्यत संपली, वैद्यकीय तंबू गाठायचा.

वाळूचा सराव करायला तुम्हाला रविवारी खाली उतरावं लागेल. दक्षिण गोव्यात वेळसांवपासून मोबोरपर्यंत सुमारे २५ किलोमीटर जवळजवळ सलग किनारा आहे. असं मैदान फार थोड्या शहरांच्या नशिबी असतं. ओहोटीला ओली वाळू डांबरासारखी घट्ट होते, तिचा मोह टाळा आणि भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत चाला. पहिल्यांदा वीसच मिनिटं, नाहीतर घोट्यामागची शीर महिनाभर बोलत राहील. किनारा एका बाजूला कललेला असतो, म्हणून गेलात त्याच वाटेनं परत या. पाठीवर आधी तीन किलो, महिन्याला किलोभर वाढवत आठपर्यंत. शर्यतीत पिशवी साडेसहा ते पंधरा किलोंमध्ये असावी लागते, पाणी धरून नव्हे. साडेसहाच्या जितकी जवळ तितकं बरं. रात्रीच्या सरावाला मात्र मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग नको. नोव्हेंबर ते मार्च तिथे कासवं अंडी घालायला येतात आणि दिव्याच्या उजेडानं त्यांची वाट चुकते. तुमच्या गावच्या रस्त्यावरही नको, गव्याची वाट चुकली तर तुमचंच काही खरं नाही. शाळेच्या मैदानाला फेऱ्या घाला. कंटाळा येईल, तोही सराव.

जेवणाचा नियम दिवसाला किमान २,००० किलोकॅलरींचा आहे. सात दिवसांचे १४,०००. ग्रॅममागे साडेचार किलोकॅलरी पडतील असं निवडलंत तर सगळं मिळून तीन किलोंच्या थोडं वर जातं. परदेशी पाकिटांवर पैसे उडवण्याआधी आपला फडताळ बघा. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर, सुक्या खोबऱ्यात साडेसहाशेच्या वर. पातळ पोहे थंड पाण्यातही भिजतात, म्हणजे चूल पेटवायची कटकट नाही. जत्रेतलं खाजं उत्तमच: बेसन, गूळ, आलं, आणि उन्हात वितळत नाही. बिबिंक, तो आपला थराथरांचा गोड केक, नको. आवडत असलं तरी नको.

पाय. इथे सगळ्यात जास्त लोक हरतात आणि इथेच सगळ्यात कमी तयारी करतात. फोड तीन गोष्टींनी येतो, घासणं, ओल आणि उष्णता, आणि बारीक वाळू बुटात गेली की तिन्ही एकत्र येतात. पाय सुजतात म्हणून बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्या. बुटाच्या कडेला चौफेर वेल्क्रो शिवून त्यावर कापडी गेटर बसवतात, म्हणजे वाळू आत शिरत नाही. नुसता चिकटवलेला वेल्क्रो उन्हात सुटतो. चांगला मोची गाठा, काम समजावून सांगा, तो तुमच्या-माझ्यापेक्षा बरं करेल. बोटं वेगळी असलेले मोजे वापरून बघा. आणि घरी, रात्री, थकलेल्या अवस्थेत, टॉर्चच्या उजेडात स्वतःच्या पायाला टेप लावायचा सराव करा. निर्जंतुक सुईनं फोड फोडून, पाणी काढून, वरची कातडी तशीच ठेवून टेप. मुलीला घड्याळ लावून बसवा, तिलाही गंमत वाटेल.

आता यजमानांकडे येते. "नवऱ्याला कसं पटवू" हा प्रश्न मला मान्य नाही. त्यांना कारण नाही असं तुम्ही धरलंय. ज्या माणसानं मेव्हण्याला मांडीवर घेऊन, नाहीतर मागच्या सीटवर आडवा टाकून गाडी हाकली, त्याला बायको वाळूत धावायला निघाली म्हटल्यावर काय दिसत असेल? गोव्यातले पुरुष या गोष्टी बोलत नाहीत, "नको" म्हणतात आणि बाल्कनीत जाऊन उभे राहतात. वाद घालू नका, त्यांना हृदयरोगतज्ज्ञाकडे सोबत घेऊन जा. डॉक्टरांना त्यांना जे विचारायचं असेल ते विचारू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. वाळवंटाची कल्पना नेमकी कधी सुचली, भाऊ जाण्याआधी की नंतर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी विचारत नाही, पण ते विचारतील. उत्तर तयार ठेवू नका, खरं काय ते सांगा.

रिपोर्ट चांगले आले तर दोघांनी बसून थांबण्याच्या अटी एका कागदावर लिहून काढा. कुठली लक्षणं दिसली की माघार, किती उलट्या झाल्या की माघार, वाट चुकली तर काय. १९९४ साली मौरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू याच शर्यतीत वादळात सापडला. नियम थांबण्याचा होता. पुढे असलेली जागा जाईल म्हणून तो चालत राहिला, आणि नऊ-दहा दिवसांनी थेट अल्जीरियात सापडला. मधल्या काळात वटवाघळांचं रक्त पिऊन जगला होता. लोक ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. मी ती न थांबल्याची म्हणून सांगते. आता प्रत्येकाजवळ जागा कळवणारं यंत्र असतं, पण थांबायचं की नाही हे अजून आपणच ठरवतो, आणि ते चाळीस अंशांत, उपाशी पोटी ठरवण्यापेक्षा घरी चहा पिताना ठरवलेलं बरं. जैसलमेरला यजमानांना सोबत न्या. तहान, उलटी, वेळ यांची नोंद ठेवायचं काम त्यांना द्या. ती अडवणूक नाही, त्यांनाही धरायला काहीतरी हवंय. आणि त्या कागदाच्या खाली त्यांची सही हवी, तुमचीही. सासूबाईंना मी यात ओढणार नाही. त्या पिशें म्हणतात ते म्हणू देत, वयाचा अधिकार आहे.

राहिला पाळीचा प्रश्न. बाकी धावपटू बायकाही विचारत नाहीत, तुम्ही विचारलात हे चांगलं केलंत. तुमच्या वयात पाळीचा हिशेब चुकायला लागतो, म्हणून तारीख बघून निर्धास्त राहू नका, सामान न्यायचंच. मासिक कप हलका आणि कचरा न करणारा, पण हात स्वच्छ हवेत. त्यासाठी सॅनिटायझर आणि रोजच्या पाण्यातले दोन घोट बाजूला ठेवावे लागतात. कप आधी कधी वापरला नसेल तर निदान चार-पाच पाळ्या इथे वापरून बघा, पहिला प्रयोग तंबूत नको. पॅड नेणार असाल तर वापरलेले परत आणायची जाड झिपपिशवी न्या. वाळूत पुरायचे नाहीत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, आणि लांब विमानप्रवास व कमी पाणी त्यात भरच घालतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना शर्यतीचं सगळं सांगून विचारा. त्याच भेटीत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासून घ्या. चाळिशीनंतर पाळी जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि मग तुम्ही सराव वाढवत जाल आणि दम कमी होत जाईल. हे रक्त हृदयाच्या तपासणीच्याच दिवशी द्या, एका रजेत दोन्ही कामं होतील.